आधी विषय सांगा

आमच्या घरी भाकरीचा रंग रोज बदलायचा. वडील गुरव. चुडाव्याजवळच्या आमच्या गावातल्या महादेवाची पूजा आमच्याकडे, आणि त्या पूजेच्या बदल्यात घराघरातून येणारं पसाभर धान्य हीच आमची कमाई. एकाच्या घरची ज्वारी पांढरीशुभ्र, दुसऱ्याच्या घरची पावसात भिजून काळी पडलेली, तिसऱ्याच्या घरचे गहू, तेही किडके. आई सगळं एकत्र करून दळून आणायची. पोटात गेल्यावर सगळं सारखंच, असं म्हणायची. पण शाळेत डबा उघडला की नुसत्या भाकरीवरून मुली ओळखायच्या, ही गुरवाची.

पूजाही बारमाही नव्हती, भाऊबंदांत पाळी लावलेली. पाळी नसलेल्या साली आई पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायची आणि वडील त्या लग्नघरी पोचवायचे. मग बाजारात कागदाच्या चकचकीत पत्रावळी आल्या आणि तेही थांबलं. वडिलांनी कुणापुढं हात पसरला नाही. संध्याकाळी मात्र ते उगाच देवळात बसून राहायचे, आमची जेवणं झाली की घरी यायचे आणि "भूक न्हाई" म्हणायचे. त्यांची भूक कुठं जायची, ते आम्हा दोघी बहिणींना मोठं झाल्यावर कळलं.

अशा घरातून मी बी.कॉम. झाले. आमच्या भावकीत माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नव्हतं, आणि हे सांगायला मला कधी संकोच वाटत नाही. परभणीला मुलींच्या एका वसतिगृहात राहून शिकले. पदवी झाल्यावर काम शोधत एका औषधाच्या दुकानाशेजारचा अंधारा जिना चढून गेले. वर बाई बसलेल्या होत्या.

बाईंचा मूळचा टायपिंगचा क्लास. निम्म्या परभणीची बोटं त्यांच्याकडं शिकली असतील. पुढं टायपिंगची मशीन गेली, संगणक आले, आणि पन्नाशी ओलांडलेल्या बाई स्वतःच्या स्वतः शिकून लोकांना वेबसाइट करून द्यायला लागल्या. नम्रपणा त्यांच्या अंगात नव्हता. "परभणीत वेबसाइट कळणारी मी एकटी. बाकीचे रंगारी," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. जुनी मशीन त्यांनी विकली नव्हती. भिंतीला लावून ओळीनं ठेवलेली, आणि प्रत्येकावर त्यांच्या आईच्या जुन्या लुगड्याची शिवलेली खोळ. वर्ग रिकामा असला की वाटायचं, आईच्या वयाच्या बायका गप्प बसल्यात.

मी फाइल पुढं केली. बाईंनी ती उघडली नाही.

"विषय?"

"नोकरी पाहिजे."

"ती तुझी गरज झाली. विषय सांग. इथं येऊन तू काय करणार?"

मला रागच आला. म्हटलं, "टायपिंग येतं, इंग्रजी वाचता येतं, आन पुढचा माणूस काय म्हणायलाय ते मला कळतं."

"हे शेवटचं तू तुझ्या मनानंच ठरवलंस का कुणी सांगितलं?"

"माझ्या मनानं."

"मग ये उद्यापासून. खोटं निघालं तर परवापासून नको येऊस."

या 'विषय'चं मूळ त्यांच्या वडिलांत होतं. ते अर्जनवीस. कचेरीबाहेर चटई टाकून लोकांच्या दरखास्ती लिहायचे, निजामाच्या काळात उर्दूत, नंतर मराठीत. माणूस समोर बसला की तो आधी रडायचा, मग भावाला शिव्या द्यायचा, मग पाटलाला, मग पावसाला. बाईंचे वडील सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बरं, आता विषय सांग. "अर्जाला विषय एकच," बाई आम्हाला सांगायच्या. "दोन विषयाचा अर्ज आला की साहेब त्याला दोन्ही हातानं बाजूला ठेवतो. वेबसाइट म्हंजे काय? तो बी अर्जच. फरक एवढाच की इथं साहेब म्हंजे मोबाइल हातात धरलेला कुणीबी माणूस."

त्यांच्याकडं कुठलंही काम सुरू व्हायचं ते एका जुन्या मशीनवर. त्याची खोळ काढायची, कागद चढवायचा आणि एकच ओळ टाइप करायची. विषय, दोन टिंब आणि पुढं जे काय असेल ते. तो कागद पिठाच्या खळीनं संगणकाच्या वर भिंतीला चिकटायचा. नंतर गिऱ्हाइकानं काहीही मागितलं की बाई लाकडी पट्टी त्या कागदावर टेकवायच्या. "ह्यात बसतंय का?" बियाण्याच्या दुकानदाराचा मुलगा एकदा म्हणाला, बाई, वर एक नाचणारा मोर टाका. बाई म्हणाल्या, "मोर नाचायला लागल्यावर सोयाबीनचं बी कोण बघल रे?" रंग कोणता, अक्षर कसं, हे तर त्या शेवटपर्यंत काढू द्यायच्या नाहीत. "रंग नंतर. घर बांधायच्या आधी तोरण घेऊन हिंडायलाव का?"

फोन आला तरी हॅलो नाही. "विषय?" त्यांची लातूरची धाकटी बहीण एकदा वैतागली. "अक्का, बहिणीनं काय विषय असला तरच फोन करायचा का?" बाईंनी विचार केला. म्हणाल्या, "तसं न्हाई. 'सहज' हा बी विषय हाय. पण तसं आधी सांगायचं." तेव्हापासून ती बहीण आधी 'सहज' म्हणते आणि मग दोघी तासभर बोलतात. आता बाई क्लास बंद करून तिच्याचकडं राहायला गेल्यात, आणि मीही फोन केला की आधी 'सहज' म्हणते.

लग्नपत्रिका हा त्यांचा खास रागाचा विषय. आमच्याकडच्या पत्रिकेत आजोबा-पणजोबांपासून कालपरवा जन्मलेल्या भाच्यापर्यंत सगळी नावं असतात. बाई चष्मा वर करून पत्रिका उलटीसुलटी करायच्या. "ह्यात लग्न कुठं हाय?" द्यायला आलेला माणूस बोट दाखवून सांगायचा, खाली कोपऱ्यात, बाई. "कोपऱ्यात लग्न लावायलाव, मधी काय भावकीची मोजदाद हाय का?" माणूस हसत जिना उतरायचा. बाई लग्नाला मात्र जायच्या, आणि पंगतीत जिलबी मागून घ्यायच्या.

स्वतःचं लग्न त्यांनी केलं नाही. एकदा चार वाजता, भाजलेले हरभरे आणि मीठ लावलेला पेरू खायच्या वेळेला, मी विचारलं. त्या वेळेत कामाचं बोलायचं नाही असा नियम, म्हणून बाकीचं बोलता यायचं. म्हणाल्या, "पाहुणे आले होते की. त्यांना बायको पाहिजे होती का पगारवाली टायपिस्ट, ते त्यांचंच ठरलेलं नव्हतं. मी म्हटलं, ठरवून या. आले न्हाईत." आणि पेरूची दुसरी फोड उचलली.

बाई नेहमी बरोबरच असायच्या असं कुणी समजू नये. एका फोटो स्टुडिओवाल्याच्या वेबसाइटवर त्यांनी एकही फोटो टाकला नव्हता. विषय ठरला होता फोटो काढायची वेळ घेणे, म्हणून पानावर नुसती दिवस-वेळ निवडायची सोय. तो बिचारा आठवड्यानं आला.

"बाई, फोटोवाल्याच्या वेबसाइटवर फोटोच न्हाई. लोक हसायलेत."

"हसू द्या. वेळ घ्यायलेत का?"

"न्हाई घेत. माझं काम बघितल्याबिगर कसे घेतेल?"

बाईंनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावला. दुसऱ्या दिवशी मी आले तर भिंतीवरचा कागद बदललेला होता. विषय : काम बघून पसंत पडणे. मी फोटो चढवायला बसले.

आता वसतिगृहाचं सांगते.

मी जिथं राहून शिकले ते वसतिगृह एका म्हाताऱ्या गुरुजींनी काढलेलं. उन्हाळ्यात गुरुजी एसटीनं गावोगाव हिंडायचे, बारावी झालेल्या मुलींच्या घरी जाऊन बसायचे आणि वडीलमंडळींना पटवायचे. वसतिगृहाची जाहिरात म्हणजे गुरुजी. गुरुजी गेले आणि जाहिरातही गेली. इमारत गल्लीच्या आत, रस्त्यावरून दिसत नाही. दर जूनला जास्तच खाटा रिकाम्या राहायला लागल्या. गुरुजींच्या मागं वसतिगृह चालवणाऱ्या संस्थेची माणसं वाईट नव्हती, पण रिकाम्या खोल्या किती वर्षं झाडत बसणार? शेवटी त्यांनी ठरवलं, या जूनला भरलं तर भरलं, नाही तर वसतिगृह बंद करायचं आणि इमारत मंगल कार्यालयाला द्यायची.

तेव्हा माझी धाकटी बहीण तिथं राहत होती. बी.एस्सी.चं पहिलं वर्ष. वसतिगृह फक्त शिकणाऱ्या मुलींचं, त्यामुळं पदवी झाल्यावर मला ते सोडावं लागलं. वडिलांचा खोकला वाढला होता, आई एकटी पडली होती, म्हणून मी गावी राहून रोज गाडीनं परभणीला ये-जा करत होते. बहिणीला ते जमण्यासारखं नव्हतं. तिचं प्रॅक्टिकल संध्याकाळपर्यंत चालायचं, आणि परतीच्या गाडीचा नेम नाही. वडिलांनी सांगून टाकलं, "एक पोरगी रोज गाडीला लटकायली, तेवढं बास झालं. भाड्यानं खोली घेऊन दुसरीला एकटी ठेवायची न्हाई. वसतिगृह हाय तवर शिकल. बंद झालं की घरी." वडील एकदा बोलले की बोलले. आणि शिकणारी पोरगी मधूनच घरी आली की पुढं काय होतं, ते आमच्या गावात कुणाला सांगावं लागत नाही.

म्हणून एका सकाळी संस्थेची मंडळी बाईंचा जिना चढून आली तेव्हा मला आनंदही झाला आणि धडकीही भरली. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि मागं दोन सदस्य. सगळ्यांचे पांढरे कपडे, इस्त्री केलेले. अध्यक्ष मोठे बागायतदार, बोलायला मोकळे. त्यांनी बाईंपुढं पेनड्राइव्ह ठेवला आणि गेल्या वर्षीच्या वर्धापनदिनाच्या बॅनरचा फोटो मोबाइलवर दाखवला. वर गुरुजी, खाली अध्यक्ष मोठे, त्यांच्याहून थोडे लहान उपाध्यक्ष, आणि मग मानाप्रमाणं लहान होत गेलेले सगळे.

"हे असंच पाहिजे," अध्यक्ष म्हणाले. "फक्त हलतं."

"विषय?" बाई म्हणाल्या.

"विषय म्हंजे? संस्थेची वेबसाइट."

"ते अर्जाचं नाव झालं. विषय न्हाई झाला. वेबसाइट उघडून माणसानं काय करायचं?"

सचिव जरा शिकलेले. ते म्हणाले, "संस्थेची माहिती होईल."

"कुणाला?"

"सगळ्याला."

"सगळ्याला म्हंजे कुणालाच न्हाई. एक माणूस सांगा. त्याचं गाव सांगा."

"आता गाव कसं सांगावं?" खजिनदार म्हणाले. "इंटरनेट हाय बाई. अमेरिकेतून बी बघतेल."

"अमेरिकेतली पोरगी परभणीत राहायला यायली का?"

मागचे दोन सदस्य हसले आणि अध्यक्षांकडं बघून गप्प झाले. बाईंनी पेनड्राइव्ह संगणकाला लावला. आत फोटोच फोटो. अध्यक्ष झाड लावताना, अध्यक्ष नारळ फोडताना, उपाध्यक्ष शाल देताना, उपाध्यक्ष शाल घेताना. वसतिगृहाचा एकही नाही. मुलीही नाहीत. बाई पट्टीनं टेबलावर ठकठक करत सगळे बघत राहिल्या.

"ह्यात वसतिगृह कुठं हाय?"

अध्यक्ष उठले. "आमी इथं परीक्षा द्यायला आलो न्हाईत, बाई. तुमाला जमत नसल तर नांदेडला पोरं बसलेत."

सगळे त्यांच्या मागं उतरून गेले. सचिवांनी तेवढं जाता जाता मला हळूच सांगितलं, "बाईला समजावा. वेबसाइट शेवटचा इलाज हाय. हे झालं न्हाई तर जून सरला की मांडववाल्याला बोलावणार हायेत."

मी पहिल्यांदा बाईंशी भांडले. म्हटलं, "टाका ना फोटो. काय बिघडतंय? त्यांचं समाधान होईल, वेबसाइट होईल. माझी बहीण तिथं हाय, तुमाला माहीत हाय."

"टाकते. मोठे मोठे टाकते," बाई शांतपणे म्हणाल्या. "मग जूनला खाटेवर कोण झोपल? उपाध्यक्ष?"

बाईंनी पट्टी बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, "तुझा बाप तुला परभणीला ठेवायला कसा तयार झाला?"

मी सांगितलं. गुरुजी घरी येऊन गेले तरी वडिलांचं मन होत नव्हतं. मग एक दिवस ते एकटेच परभणीला आले आणि वसतिगृहाच्या फाटकापाशी जाऊन उभे राहिले. रेक्टरबाई बाहेर आल्या. म्हणजे मुलींबरोबर तिथंच राहणाऱ्या, वसतिगृह सांभाळणाऱ्या बाई. वडिलांनी खोल्या बघितल्या नाहीत, स्वयंपाकघर बघितलं नाही. फाटकातच उभं राहून त्यांच्याशी बोलले. माहेर कुठलं, फाटकाला कुलूप कधी लावता, पोरगी आजारी पडली तर दवाखान्यात कोण नेतं. घरी येऊन आईला एवढंच म्हणाले, "बाई बरी हाय. ठेवू."

"अध्यक्ष कोण हाय, ते इचारलं का त्यांनी?"

"न्हाई."

बाईंनी मशीनच्या खोळीवर हात ठेवला आणि काढून घेतला. "एका बापावर वेबसाइट उभी राहत न्हाई. उद्या पूर्णेला जाऊ."

पूर्णेला का, तर तिथं गाड्या बदलतात. हिंगोलीकडून येणारे, नांदेडकडून येणारे, सगळे फलाटावर तासतासभर बसतात. आणि ते दिवस निकालाचे. मुलींना कुठं घालायचं याच्या चौकशीला निघालेली माणसं फलाटावर हमखास. बाई छत्री आणि पेरूंची पिशवी घेऊन बाकावर जाऊन बसल्या, जवळ येऊन बसणाऱ्याला पेरू द्यायच्या आणि विचारायच्या. एका मामानं पेरू घेतला, खाल्ला, आणि मग संशयानं बघत म्हणाला, "तुमी पोरींचं जमवीत फिरायलाव का?"

"न्हाई हो," बाई म्हणाल्या. "माझंच जमलं न्हाई."

टोपीवाला एक शेतकरी मुलीला घेऊन नांदेडला चालला होता. मुलगी बिस्किटाचा पुडा हातात धरून गप्प. बाईंनी विचारलं, "वसतिगृह ठरलं का?"

"कुठलं? पोरानं मोबाइलवर दाखवलं दोन-चार. पांढऱ्या कपड्यातली माणसंच माणसं. मला वाटलं इलेक्शन हाय."

"मग काय बघायचं होतं तुमाला?"

त्यानं पोरीकडं बघितलं. "तिथं बाईमाणूस कोण हाय, ते."

शेजारी बसलेली एक आई आपणहून बोलली, "आमी तर म्हणतो, फोटो ऱ्हाऊ द्या. फोनवर आवाज ऐकला म्हंजी कळतंय, माणूस कसं हाय."

दिवसभर असंच. खोल्या किती, इमारत केवढी, संस्थेची स्थापना कधी, कुणी विचारलं नाही. फिरवून फिरवून सगळे माझ्या वडिलांच्या प्रश्नांवरच येत होते. दुसऱ्या दिवशी मशीनची खोळ निघाली आणि कागद भिंतीला लागला. विषय : मुलीच्या घरच्यांनी रेक्टरबाईंना फोन करणे.

मी रेक्टरबाईंचा फोटो काढायला गेले. त्या लाजून पदर सारखा करत राहिल्या. "माझा कशाला गं? मी काय पुढारी हाय का?" शेवटी फाटकाशी उभ्या राहिल्या, किल्ल्यांचा जुडगा हातात, तसाच काढला. वेबसाइट उघडली की पहिला तोच फोटो. खाली नाव, आणि अंगठा सहज बसेल एवढं हिरवं बटण, 'रेक्टरबाईंशी बोला'. दाबलं की थेट फोन. त्याखाली वडिलांनी विचारलेले प्रश्न आणि त्यांची उत्तरं. फाटक कधी बंद होतं, दवाखान्यात कोण नेतं, स्टेशनवरून कसं यायचं. संपलं.

मग बाईंनी अध्यक्षांना फोन लावला. "विषय सांगते. तुमचा फोटो."

अध्यक्ष सगळ्यांना घेऊन आले. स्क्रीनकडं बघत राहिले. "चांगलं हाय," म्हणाले. "आन आमी?"

"तुमचे फोटो टाकायला मी तयार हाय. सगळ्यांचे. फक्त ज्याचा त्याचा विषय ठरवा. ह्या पानावर बसलेल्या माणसानं पोरीच्या बापाचं एक तरी काम करायचं. फोटोखाली त्याचा नंबर." त्या उपाध्यक्षांकडं वळल्या. "जेवणाची तक्रार तुमच्याकडं देऊ?"

उपाध्यक्ष म्हणाले, "माझं कसं हाय, मी शेतात असतोय. तिकडं रेंज न्हाई."

"खजिनदारसाहेब, पाण्याची मोटर बिघडली तर?"

"तसा माझा फोटो बी काय चांगला आलेला न्हाई," खजिनदार म्हणाले.

एका सदस्याचा फोन नेमका तेव्हाच वाजला आणि तो जिन्यात गेला. दुसरा त्याला बोलवायला गेला. सचिव म्हणाले, सगळा पत्रव्यवहार मीच करतो, माझं नाव खाली बारीक टाकलं तरी चालेल. राहिले अध्यक्ष.

"मला काय ठेवलंय?"

"तुमच्या फोटोखाली असं येईल. रेक्टरबाईंशी बोलून समाधान झालं नाही, तर अध्यक्षांना फोन करा. कधीही."

"कधीही म्हंजे?"

"पोरीचा बाप घड्याळ बघून काळजी करत न्हाई."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते, आणि अध्यक्ष काय म्हणतात यावर माझ्या बहिणीचं सगळं अडलेलं होतं. ते 'नको' म्हणाले तर नांदेडला बॅनर हलायला लागणार आणि वसतिगृहात मांडव पडणार.

"गुरुजींचा नंबर लोकाला पाठ होता," शेवटी ते म्हणाले. मग टोपी काढून मांडीवर ठेवली, पुन्हा डोक्यावर घातली. "लावा. पण फोटो टोपीवाला लावा. बिनटोपीचा मी घरच्यांना ओळखू येत न्हाई."

बाईंनी मान हलवली. एवढी एक मागणी मात्र त्यांनी कागदाला पट्टी न लावता मान्य केली.

वेबसाइट झाली की काम संपलं, असं बाई मानत नव्हत्या. "अर्ज लिवून खिशात ठेवला तर साहेबाला सपान पडणार हाय का?" मी ती रोजच्या गाडीतल्या बायकांना पाठवली, त्यांनी आपापल्या गावच्या ग्रुपवर टाकली. सचिवांनी शाळाशाळांच्या मुख्याध्यापकांना पाठवली. मग रेक्टरबाईंचा फोन वाजायला लागला. मी गेले की त्या तक्रार करायच्या, "माझी भाजी करपायली गं रोज." पण प्रत्येकाशी गाव, माहेर, पाऊसपाणी सगळं बोलायच्या. लोक बोलून झालं की बघायला यायचे, आणि आले की फाटकातच बोलत राहायचे.

अध्यक्षांनाही एक फोन गेला. पेडगावच्या एका वडिलांचा, मुलीला ठेवायच्या आधी. म्हणाले, सगळं पसंत हाय, पण मागची भिंत बुटकी हाय. अध्यक्ष दुसऱ्या दिवशी सकाळी विटा आणि मिस्त्री घेऊन स्वतः हजर. भिंत उंच झाल्यावर बाईंचा जिना चढून आले, भिंतीजवळ उभं राहून काढलेला फोटो घेऊन.

"बाई, एवढं टाका."

"ते टाकायचं न्हाई. ज्यानं फोन केला त्याला सांगा."

"त्याला सांगितलं. त्यानं पोरगी आणून सोडली बी."

"मग आता अजून कुणाला सांगायचंय?" म्हणून बाईंनी त्यांना पेरू दिला. चार वाजले होते.

जून संपेपर्यंत वसतिगृहातली एकही खाट रिकामी राहिली नाही. मंगल कार्यालयाची गोष्ट नंतर कुणी काढली नाही. माझी बहीण तिथंच राहून बी.एस्सी. झाली, आणि आता पूर्णेच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात दोन पदवीधर आहेत.